जॉयस्टिक की गेमपॅड? जुन्या कन्सोलवर काही महिने दोन्ही वापरल्यानंतर

जुन्या कन्सोलसाठी कंट्रोलर निवडताना लोक बटणांची संख्या बघतात, वायर किती लांब आहे बघतात, रंग मूळ कन्सोलशी जुळतो का तेही बघतात. अटारी 2600, एनईएस (निन्टेन्डो एंटरटेनमेंट सिस्टिम), सेगाचा मेगा ड्राइव्ह, सुपर निन्टेन्डो आणि निन्टेन्डो 64 ही कन्सोल्स गेले काही महिने मी आलटून पालटून खेळतोय, कधी पॅडवर, कधी स्टिकवर. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. कंट्रोलरचा खरा कस तिरक्या दिशेला लागतो. हवी तेव्हा ती बिनचूक लागली पाहिजे आणि नको असेल तेव्हा चुकूनही लागता कामा नये. हे दोन्ही जमणारे कंट्रोलर फार थोडे आहेत.

पारखायची सोपी रीत सांगतो. एनईएसवर 'कॉन्ट्रा' लावा, उजवीकडे धावत गोळ्या झाडा आणि उजवी दिशा न सोडता अंगठा हलकेच वर-खाली डोलवा. चांगल्या पॅडवर गोळ्या सरळच जातात. वाईट पॅडवर नेम मध्येच वर किंवा खाली तिरका होतो. गर्दीच्या जागी एवढ्यानेच जीव जातो आणि खेळणाऱ्याला वाटतं की आपलाच हात बसलेला नाही.

याचं कारण पॅड उघडल्यावर दिसतं. निन्टेन्डोच्या गुन्पेई योकोई यांनी 1982 साली 'डाँकी काँग'च्या गेम अँड वॉचसाठी (हातात धरून खेळायच्या छोट्या यंत्रासाठी) जो फुलीसारखा डी-पॅड बनवला, त्याच्या मधोमध खालून एक टेकू असतो. एक बाजू दाबली की समोरची बाजू वर उचलली जाते. खाली रबराचा पडदा आणि त्यावर कार्बनच्या टिकल्या असतात. टिकली सर्किट बोर्डला टेकली की दिशा लागते. टेकू पुरेसा उंच असेल तर एका वेळी एकच टिकली टेकते आणि तिरकी दिशा हवी असेल तर ती मुद्दाम दाबावी लागते. नकली पॅडमध्ये हाच टेकू बुटका निघतो. सगळी फुली एकदम खाली बसते आणि शेजारची टिकलीही टेकते. माझ्याकडे असा एक नवा पॅड आला होता, दिसायला अगदी मूळ पॅडसारखा. त्याच्या बोर्डावरच्या दिशांच्या जागांचा थोडा भाग पातळ चिकटपट्टीने झाकला, तेव्हा तो बऱ्यापैकी सुधारला. जुन्या पॅडचा त्रास उलटा असतो. रबर थकतं, कार्बन मळतो आणि दिशा लागतच नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून किंवा नवा रबरी पडदा घालून ते काम होतं, आणि म्हणूनच नव्या नकली पॅडपेक्षा साफ केलेला जुना मूळ पॅड मला कधीही चालेल.

सेगाचा विचार वेगळा होता. मेगा ड्राइव्हच्या पॅडवर दिशा एका गोल चकतीवर आहेत आणि अंगठा तिच्यावरून सहज घरंगळतो. 'स्ट्रीट फायटर 2' मध्ये हाडोकेन टाकायला खाली, मग खाली-पुढे तिरकं, मग पुढे असा पाव गोल फिरवावा लागतो. सुपर निन्टेन्डोच्या फुलीवर हे जमतं, पण थोड्या वेळाने अंगठ्याचं टोक दुखायला लागतं. सेगाच्या 1993 च्या सहा बटणांच्या पॅडवर तेच अलगद होतं. शिवाय तिन्ही ठोसे आणि तिन्ही लाथा समोरच असतात, सुपर निन्टेन्डोसारखं त्यातल्या दोघांना खांद्याच्या बटणांवर पाठवावं लागत नाही. काही जुने गेम या पॅडपुढे गोंधळतात. तेव्हा मोड बटण दाबून ठेवून कन्सोल सुरू करायचा, पॅड तीन बटणांचा होऊन बसतो. लढतीच्या गेमसाठी अंगठ्याने खेळायचा याहून चांगला पॅड मला अजून सापडलेला नाही.

आता जॉयस्टिक. अटारीची सीएक्स40 आज हातात घेतली की आधी तिचा ताठरपणा जाणवतो. बटण डाव्या कोपऱ्यात आहे, म्हणजे डाव्या हाताने खोकं धरायचं आणि दांडा उजव्या हाताने हलवायचा. पुढे डी-पॅड डावीकडे आला आणि आपल्या पिढ्यांना दिशा डाव्या हाताने देण्याची सवय झाली, त्यामुळे सुरुवातीला हात अडखळतो. आत पत्र्याच्या लहान घुमट्या आहेत आणि दांडा कुठे थांबला हे बोटांना नीट कळत नाही. तरीही अटारीचे गेम याच स्टिकवर खरे वाटतात. एक बटण, मोठ्या हालचाली, थोडा जोर. पॅडवर तेच गेम सोपे होतात आणि निम्मी मजा जाते.

आर्केडच्या धाटणीची स्टिक ही मात्र वेगळीच चीज आहे. माझ्या स्टिकमध्ये सान्वा या जपानी कंपनीचा जेएलएफ दांडा आहे. त्यात चार मायक्रोस्विच (दांडा टेकला की दबणारे छोटे खटके) असतात आणि दांडा कुठपर्यंत जाऊ शकतो हे खालचं गेट ठरवतं. चौकोनी गेटमध्ये तिरक्या दिशा चार कोपऱ्यांत येतात. दांडा कोपऱ्यात जाऊन टेकला की हाताला कळतं, बघावं लागत नाही. खाली-मागे धरून बचाव करायचा असेल तर हा कोपरा सोन्यासारखा आहे. पण याच गेटवर 'पॅक-मॅन' खेळून बघा. वळणावर दांडा जरा तिरका गेला की पॅक-मॅन भलत्याच गल्लीत शिरतो, कारण तो गेम चारच दिशांच्या स्टिकसाठी बनलेला आहे. गेट 45 अंशांनी फिरवून बसवलं की कोपरे चार मुख्य दिशांवर येतात आणि तिरकं जाणं बंद होतं. पेचकस आणि थोडा धीर एवढंच लागतं. गेट फिरवल्यावर 'पॅक-मॅन' खेळताना मला जो आनंद झाला तो कुठल्याच पॅडने दिलेला नाही.

उलट 'टेट्रिस'साठी स्टिक मी कपाटात ठेवतो. एनईएसच्या 'टेट्रिस'मध्ये बाजूची दिशा दाबून धरली की तुकडा एक घर सरकतो, मग 16 फ्रेम (फ्रेम म्हणजे पडद्यावरचं एक चित्र) थांबतो आणि पुढे दर 6 फ्रेमला एक घर सरकतो. वरच्या पातळ्यांवर हा वेग अपुरा पडतो आणि पटापट टिचक्या माराव्या लागतात. मुरलेले खेळाडू तर अंगठा फुलीवर नुसता टेकवतात आणि पॅडच्या पाठीवर बोटं वाजवून पॅडच अंगठ्यावर आपटतात. दांड्याला जाऊन परत यायला जे अंतर लागतं, त्यात हा सगळा खेळ हरवतो.

एक गोष्ट फार कमी लोक करतात, म्हणून मुद्दाम सांगतो. एनईएस आणि सुपर निन्टेन्डोचे पॅड कन्सोलशी एकाच पद्धतीने बोलतात, फरक फक्त प्लगच्या आकाराचा आहे. साधं प्लग बदलणारं अडॅप्टर लावलं की सुपर निन्टेन्डोचा पॅड एनईएसवर चालतो. बी बटण ए चं काम करतं आणि वाय बटण बी चं, त्यामुळे अंगठा नैसर्गिकरीत्या तिरका पडतो. एनईएसच्या चौकोनी पॅडचे कोपरे तळहातात रुततात, तो त्रासही संपतो. माझा एनईएस आता असाच चालतो. नऊ पिनांच्या प्लगच्या बाबतीत मात्र हे धाडस नको. मेगा ड्राइव्हचा पॅड कमोडोर 64 या जुन्या घरगुती संगणकात आरामात बसतो, पण 5 व्होल्टची पिन दोन्हीकडे वेगळी आहे आणि कमोडोरचा पोर्ट थेट आतल्या सीआयए चिपला (कीबोर्ड आणि जॉयस्टिक वाचणाऱ्या चिपला) जोडलेला आहे. त्यासाठी बनवलेलं अडॅप्टर असल्याशिवाय लावू नका, ती चिप जायची भीती असते.

निन्टेन्डो 64 वर पर्यायच नाही, त्याची मूळ अॅनालॉग (किती कलवली तेही मोजणारी) स्टिकच हवी. तिच्या भोवतीच्या अष्टकोनी खाचा आठही दिशांना आधार देतात. आत प्लास्टिकवर प्लास्टिक घासतं, त्यामुळे पांढरी भुकटी पडते आणि स्टिक सैल होते. ही स्टिक दिशा मोजते ती चालू करतानाच्या जागेपासून. कन्सोल सुरू करताना ती कलती राहिली तर मारिओ आपणहून चालायला लागतो. एल, आर आणि स्टार्ट एकत्र दाबले की मध्य पुन्हा ठरतो. बदलून मिळणाऱ्या काही स्टिक मजबूत असतात, पण इतक्या संवेदनशील की हळू चालणं अवघड होतं. खरेदीआधी हे हळू चालणं करून बघा.

बिनतारी पॅड मी 2.4 गिगाहर्ट्झच्या रिसीव्हरवर वापरतो. एनटीएससी (अमेरिका-जपानमधल्या जुन्या टीव्ही पद्धतीच्या) कन्सोलचा एक फ्रेम साधारण 16.7 मिलिसेकंदांचा असतो आणि चांगल्या रिसीव्हरवर मला उशीर जाणवत नाही. 'टेट्रिस' आणि लढतीच्या गेमना मात्र मी वायरच लावतो. जुन्या नळीच्या टीव्हीवरून आधुनिक टीव्हीवर आलात तर उशिराचा संशय आधी टीव्हीवर घ्या, त्याचा गेम मोड चालू करा आणि मगच पॅड बदलायचा विचार करा.