फळमाशीचा 'रक्षक' सापळा: पैसे वसूल
आमच्या ठाण्यातल्या सोसायटीत मागे दोन हापूस आणि एक पेरू आहे, वरून फळ एकदम झकास आणि कापलं की आत वळवळणाऱ्या पांढऱ्या अळ्या, म्हणून दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेला रक्षक सापळा आणला. साधा प्लास्टिकचा डबा, आत मिथाइल युजेनॉल नावाच्या वासाच्या रसायनात भिजवलेला लाकडी ठोकळा, त्या वासाला नर माश्या येतात आणि आतच मरतात, नरच नाही तर मादीची फलित अंडी कुठून येणार! फळावर औषध मारायची गरज नाही हे मला सगळ्यात आवडलं, खाली पोरं खेळत असतात ना. डबा उघडला तर तळाला पिवळसर माश्यांचा थर, बघूनच कसंतरी झालं.

पण विकणाऱ्याने साधा माहितीचा कागदपण दिला नाही, चार स्टार त्यामुळेच. आणि एक, पडलेली किडकी फळं उचलाच, अळी त्यातून मातीत जाऊन कोष करते. माशीमागे डोकं लावणाऱ्या त्या कीटकशास्त्रवाल्यांना मात्र मानलं बुवा, आंबा खाताना त्यांची आठवण कोण काढतंय.