पेसमेकर असताना कंबरेसाठी एमआरआय की सीटी?

पेसमेकर असलेल्या माणसाची कंबर धरली आणि पायात मुंग्या येऊ लागल्या, की तपासणी कोणती करावी हा प्रश्न उभा राहतो. गेल्या वर्षी ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत मला स्वतःलाच तो सोडवावा लागला.

चित्राच्या बाबतीत एमआरआय सरस आहे. दबलेली नस आणि सरकलेली चकती त्यात जितकी स्पष्ट दिसते तितकी सीटीत दिसत नाही. सीटीचा भर हाडांवर. सीटीत क्ष-किरण घ्यावे लागतात खरे, पण सत्तरीला टेकल्यावर एका तपासणीपुरती ती काळजी मला मोठी वाटली नाही. शिवाय कंबरेच्या सीटीत किरणांचा थेट झोत छातीतल्या पेसमेकरवर पडत नाही.

एमआरआयमध्ये रेडिओलहरींनी पेसमेकरपासून हृदयात गेलेल्या वायरचे टोक तापू शकते आणि चुंबकामुळे पेसमेकरच्या कामात व्यत्यय येऊ शकतो. एमआरआयला चालणारे पेसमेकर आता मिळतात. अमेरिकेत अशा पहिल्या पेसमेकरला 2011 साली मान्यता मिळाली. माझा पेसमेकरही तसाच असल्याने मी निर्धास्त होतो. अडले ते वायरपाशी. बॅटरी संपली की डबी, म्हणजे छातीत बसवलेले बॅटरीसकटचे यंत्र, नवी बसवतात, वायर मात्र चांगल्या असतील तर जुन्याच राहतात, आणि ‘एमआरआयला चालेल’ हा शेरा डबी व वायर या दोहोंच्या जोडीला असतो, एकट्या डबीला नव्हे. माझ्या नव्या कार्डावर वायरचा मॉडेल क्रमांक नव्हता आणि जुने कार्ड घराच्या दुरुस्तीत गहाळ झालेले. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावाहून मी यवतमाळला तीन चकरा मारल्या: एकदा डबीचे कार्ड पाहून तारीख मिळाली, दुसऱ्यांदा टेबलावर झोपण्याआधी वायरचा कागद मागून परत पाठवले, तिसऱ्यांदाही तेच. दुखरी कंबर घेऊन एसटीत बसणे काय असते, हे ज्याचे त्यालाच कळते.

एमआरआयची भीती मात्र कुणाला घालायची नाही. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, एमआरआयसाठी न बनवलेली हृदययंत्रे असलेल्या रुग्णांच्या छातीव्यतिरिक्त इतर भागांच्या 1,500 तपासण्या 1.5 टेस्ला (चुंबकाच्या ताकदीचे माप) इतक्या ताकदीच्या एमआरआयवर झाल्या आणि तपासणीदरम्यान एकही मृत्यू झाला नाही, एकही वायर निकामी झाली नाही. पण तिथे प्रत्येकाचे यंत्र आधी व नंतर तपासले गेले, गरजेप्रमाणे त्याची सेटिंग बदलली गेली आणि नाडीवर सतत लक्ष होते. ही व्यवस्था आपल्या गावाजवळ मिळेलच असे नाही.

मी शेवटी सीटी केली. मणक्याची नळी कुठे अरुंद झाली आहे ते तीत पुरेसे दिसले आणि त्यावरून उपचार सुरू झाले. प्रत्येकाला तेवढे पुरेल असे मी म्हणणार नाही, तरी डॉक्टरांची हरकत नसेल तर आधी सीटी करावी असेच माझे मत आहे. पाय झपाट्याने लुळा पडत असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटला असेल, तर मात्र सीटीसाठी न थांबता, हृदयविभाग आणि एमआरआय एकाच इमारतीत आहेत असे नागपूरचे मोठे रुग्णालय त्याच दिवशी गाठावे, आणि पेसमेकरचे असतील नसतील ते सगळे कागद सोबत न्यावेत.