ओपनटाइमस्टॅम्प्स: जुन्या दप्तराला ब्लॉकचेनचा शिक्का, काही महिने वापरल्यानंतर

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या संस्थेची ठरावबुकं, पावत्या, भाडेकरार स्कॅन होत आले तशी कार्यकारिणीत शंका निघाली: उद्या कोणी स्कॅनमधला आकडा बदलला तर कळणार कसं? एक कंपनी 'खासगी ब्लॉकचेन' घेऊन आली होती. ब्लॉकचेन म्हणजे अनेक कॉम्प्युटरांवर (नोडवर) ठेवलेली, मागाहून बदलायला अवघड अशी नोंदवही. सगळे नोड तिच्याच सर्व्हरवर! भरवसा कंपनीवरच ठेवायचा, तर मग ब्लॉकचेन हवी कशाला? तिला नमस्कार केला आणि दिवाळीपासून ओपनटाइमस्टॅम्प्स वापरतोय, म्हणजे फाइल अमुक तारखेला अशीच होती याचा शिक्का देणारी सेवा. फुकट आहे.

फाइल बाहेर कुठेही जात नाही. आपल्याच कॉम्प्युटरवर तिचा एसएचए-256 हॅश निघतो, 64 अक्षरी: जणू फाइलच्या अंगठ्याचा ठसा, फाइल जराही बदलली की तोही बदलतो. असे अनेकांचे हॅश गुंफून बिटकॉइनच्या, सगळ्यांना खुल्या ब्लॉकचेनवर एकाच व्यवहारात नोंदवतात आणि आपल्या हाती पुराव्याची छोटी ओटीएस फाइल येते. ती सांभाळायची. नोंद पक्की व्हायला काही तास जातात, मग ओटीएस फाइल 'अपग्रेड' करावी लागते, म्हणजे ती पक्की नोंद तिच्यात भरून घ्यायची. ही पायरी हमखास राहते, म्हणून आमच्याकडे सकाळी चहाआधी तेच काम.

(हॅशवर तारखेचा शिक्का ही कल्पना बिटकॉइनच्या आधीची. हेबर आणि स्टॉर्नेटा या संशोधकांनी 1991 मध्ये ती मांडली, पुढे असे हॅश न्यूयॉर्क टाइम्समध्ये छापून यायचे. छापलेला पेपर कोण बदलणार?)

खरी डोकेदुखी वेगळीच. तिरपं पान सरळ केलं, ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून शोधता येणारा मजकूर) चढवला, की हॅश बदलला. म्हणून शिक्का फक्त स्कॅनच्या मूळ टिफ (चित्र-फाइल) प्रतीला, पीडीएफ वाचणाऱ्यांसाठी. हे स्कॅनिंगच्या पोरांच्या अंगवळणी पडायला फार वेळ लागला.

विकणारे सांगत नाहीत ते असं: खोटा ठराव स्कॅन केला तरी शिक्का बसतोच. तारीखही शिक्क्याची, 1938 च्या कागदाची नव्हे. डिस्क गेली तर हॅशमधून पान परत येत नाही. आणि वाळवी, उन्हाळ्यात कूलरने बस्त्यांना येणारी ओल, यावर ब्लॉकचेनकडे काही औषध नाही बाप्पा. त्यासाठी वेगळ्या प्रती ठेवल्यात, एक वर्ध्याला.

पाचपैकी साडेतीन देईन. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63(4) खालच्या प्रमाणपत्रात हॅश लिहावा लागतो. भाडेकरूच्या दाव्यासाठी वकीलसाहेबांनी तो लगेच मागून घेतला. ओटीएस फाइल मात्र, "सध्या तुमच्याकडेच राहू द्या," म्हणाले.