खिडकीच्या सीटपायी ₹८४,२९९ घालवले

शाहू मार्केट यार्डात माझी गुळाची अडत आहे. रवा, म्हणजे गुळाची ढेप, फोडून कणी बोटात चोळली की साखर मारलेला गूळ मला लगेच कळतो. तीस वर्षांत कुणा गुऱ्हाळवाल्याची मला टोपी घालायची हिंमत झाली नाही. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून 'असेल कोणीतरी अडाणी' असं म्हणायला सगळे मोकळे. घरी ते म्हणून झालंय.

आबा ७८ वर्षांचे. दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, समोरून ऊन आलं की पाणी थांबत नाही. पण एकदा हिमालय बघायचाच, हा हट्ट. म्हणून दिवाळीच्या पाडव्याला गुळाचे मुहूर्ताचे सौदे निघायच्या आत दार्जिलिंग उरकायचं ठरवलं. पुण्याहून दिल्ली, आणि दिल्लीहून सकाळी १०.४० च्या विमानानं बागडोगरा.

हे विमान पूर्वेकडं जातं. डाव्या हाताला उत्तर, म्हणजे नेपाळची सगळी रांग, एव्हरेस्ट, आणि उतरायच्या आधी कांचनजंगा. ऑक्टोबरात सूर्य दक्षिणेकडं झुकलेला, त्यामुळं ऊन सगळं उजव्या खिडक्यांवर. सावली डावीकडं, डोंगरही डावीकडं. जाताना ए ची खिडकी, येताना एफ ची. पंखावरच्या रांगा टाळायच्या, नाहीतर आयुष्यभराची हौस पत्रा बघण्यात जायची. पंधरा दिवस हाच अभ्यास चालला होता माझा. बायको वैतागली होती.

वेब चेक-इन सुरू झाल्या झाल्या आबा आणि आईसाठी २४ ए आणि २५ ए निवडल्या. ₹६५० प्रमाणे ₹१,३०० भरले. पैसे कापले गेले, सीट मात्र जिथल्या तिथं, दोघंही उजवीकडं उन्हात. गुगलवर कंपनीचं नाव टाकून कस्टमर केअर शोधलं. सगळ्यात वर आलेला नंबर लावला. आता पुढं काय झालं असेल ते तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्या तेव्हा आलं नाही.

माणूस गोड बोलत होता. आधी हिंदी, मग मी कोल्हापूरचा म्हटल्यावर मोडकी मराठी. म्हणाला, "सर, तुम्हाला २४ डी आणि २५ डी देतो, बेस्ट विंडो आहे, हिमालय राईट साईडला दिसतो."

इथं फोन आपटायला हवा होता. एका रांगेत सहा सीटा. ए आणि एफ खिडकीच्या, डी मधल्या वाटेची. विमान कंपनीच्या माणसाला हे ठाऊक नाही? पण मी काय केलं? त्याला शिकवायला बसलो! "डी खिडकी नसते हो. आणि हिमालय डावीकडं, उत्तर कुठं आली सांगा." पाच मिनिटं भूगोल शिकवला. तो म्हणाला, "वा सर, तुम्हाला तर आमच्यापेक्षा जास्त माहिती आहे." आणि मी खूश झालो. रात्री अंथरुणावर पडलं की ते वाक्य अजून कानात वाजतं.

मग व्हॉट्सॲपवर फाईल आली. 'रिफंडसाठी फक्त ₹१० चं व्हेरिफिकेशन.' इन्स्टॉल करताना मोबाईलनं धोक्याची सूचना दिली होती, मी ती बाजूला सारली. मेसेज वाचायची परवानगी मागितली, दिली. फॉर्ममध्ये डेबिट कार्डाचा नंबर, मागचे तीन आकडे, सगळं भरलं. ओटीपी मी कुणालाही सांगितलेला नाही, हे शपथेवर सांगतो. सांगायची गरजच नव्हती, मेसेज परस्पर तिकडं जात होते.

११.४१ ला ₹४९,९९९. ११.४३ ला ₹२४,५००. ते ₹१० मात्र त्यांनी शेवटपर्यंत घेतले नाहीत.

११.५२ ला बँकेच्या हेल्पलाईनवर बोललो. "कार्ड ब्लॉक केलंय सर." तक्रार क्रमांकही दिला. १२.०९ ला आणखी ₹९,८०० गेले! दुसऱ्या दिवशी शाखेत साहेबांसमोर कॉल लॉग ठेवला तर म्हणतात, "ओटीपी गेलाय म्हणजे चूक तुमचीच." अहो, पहिल्या दोन रकमांना माझी चूक म्हणा, मान खाली घालतो. पण रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात स्पष्ट लिहिलंय की कळवल्यानंतरचं नुकसान बँकेनं सोसायचं. त्याची छापील प्रत पुढं केली. साहेबांनी ती उलटी-पालटी करून बघितली आणि "वर पाठवतो" म्हणाले. वर म्हणजे कुठं, ते त्यांनाच माहीत. या सव्वा महिन्यात मी चारदा गेलो. एकदा तर सही करणारे साहेब रजेवर, म्हणून पोच मिळाली नाही.

पोलिसांकडं आणखी मजा. या ठाण्यातून त्या ठाण्यात, तिथून दुसऱ्या टेबलावर. एकानं रक्कम विचारली आणि ऐकून म्हणाला, "एवढेच? काल एकाचे अठ्ठावीस लाख गेलेत." म्हणजे मी पेढे वाटायचे का? सायबर फसवणुकीची हेल्पलाईन १९३०, ती चौथ्यांदा लागली. तुमच्यावर वेळ आली तर तिला चिकटून राहा, एका हातानं सायबर क्राईम पोर्टलवर तक्रारही भरा, कारण पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आतच काय ते थांबतं. आणि मोबाईलचं इंटरनेट आधी बंद करा. मला ते मुलीनं सांगेपर्यंत सुचलं नाही.

कस्टमर केअरचा नंबर तिकिटावर असतो. किंवा कंपनीच्या ॲपमध्ये. गुगलवर वर दिसणारं पैसे देऊनही वर येतं.

माझे ते ₹१,३०० सहाव्या दिवशी आपोआप खात्यात परत आले. काही न करता नुसता बसलो असतो तरी आले असते. आणि सीट? दिल्लीत काउंटरवरच्या मुलीला आबांचे डोळे दाखवले, तिनं दोन मिनिटांत २६ ए आणि २७ ए करून दिल्या, पैसे न घेता. कांचनजंगा आली तेव्हा आबा काचेला नाक लावून बसले होते. मी त्या वेळी बँकेचे मेसेज आठवत होतो.

बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, म्हणून ₹९,८०० साठी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं तक्रार टाकली आहे. त्याला फी लागत नाही. बँक दाद देत नसेल तर तुम्हीही टाका.

परवा शेजारच्या गाळ्यातल्या पोराच्या फोनवरून तोच नंबर लावून बघितला. पहिल्याच रिंगला उचलला. तोच आवाज. "नमस्कार सर, विंडो सीट चाहिए?" पोर्टलवर पुन्हा कळवलं. पुन्हा एक क्रमांक मिळाला.