एकाच मापाचे सुवर्णकण घ्यावेत की लहान-मोठे मिसळलेले?

समजा, तुमच्यापुढे सोन्याच्या नॅनोकणांच्या दोन बाटल्या आहेत. दोन्हींचा सरासरी व्यास 46 नॅनोमीटर. पहिलीत सगळे कण त्याच मापाचे. दुसरीत शंभरातले 90 कण 40 नॅनोमीटरचे आणि 10 कण 100 चे. उजेडात धरल्या तर पहिली माणकासारखी लाल, दुसरी जरा जांभळट आणि गढूळ. पहिली महाग. पेशींवरचा विषारीपणा तपासायचा आहे, घ्यायची कोणती?

कणाचं वजन व्यासाच्या घनाप्रमाणे वाढतं. त्यामुळे दुसऱ्या बाटलीतलं सुमारे 63 टक्के सोनं त्या दहाच कणांत असतं, आणि पेशी असतात त्या तळाला पोचण्यातही तेच पुढे असतात. 96 वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेटमध्ये एका वेलला 100 मायक्रोलिटर मीडियम, म्हणजे पेशींचं पोषक द्रावण, घातलं की सुमारे 3 मिलिमीटर उंची भरते. 37 अंशांवर 100 चा सुवर्णकण एवढं अंतर साधारण सहा तासांत उतरतो. 40 च्या कणाला निव्वळ वजनावर दीड दिवस लागतो. तो भटकत भटकतही पोचतो, पण चार तासांच्या प्रयोगात त्याचा फारसा उपयोग नाही. म्हणजे ओतलेला डोस एक, पेशींवर पडलेला दुसरा, आणि तोही तासागणिक बदलणारा. पहिल्या बाटलीत निदान हिशेब मांडता येतो.

मोजणीत तर दुसरी बाटली सरळ फसवते. आयसीपी-एमएसवर (धातूचं एकूण वजन मोजणाऱ्या यंत्रावर) पेशींतलं सोनं मोजायचं आणि 46 चा व्यास धरून त्याचे कण करायचे, ही नेहमीची रीत. इथे मूळ द्रावणासाठीही ती संख्या दीडपटीहून जास्त दाखवते. डीएलएसवर (कणांनी विखुरलेल्या प्रकाशावरून माप काढणाऱ्या पद्धतीवर) विसंबू नका, मोठ्या कणांच्या उजेडात छोटे झाकले जातात. टीईएमखाली (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली) कण मोजाच.

त्यात पेशीही आकार बघून कण घेतात. टोरांटोमधल्या 2006 च्या प्रयोगात 14 ते 100 नॅनोमीटरच्या सुवर्णकणांपैकी हेला पेशींनी (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी कर्करोगाच्या पेशींनी) 50 चे सर्वाधिक संख्येने घेतले होते.

आकाराचा परिणाम शोधत असाल तर पैसे मोजा, पहिलीच घ्या. प्रत्यक्ष वापरातला मालच मिसळीचा असेल तर मात्र दुसरी योग्य. फक्त डोस वजन, संख्या आणि पृष्ठभाग असा तिन्ही प्रकारे लिहा. सोन्याऐवजी पॉलिस्टायरीन या प्लास्टिकचे कण असतील तर ते जवळजवळ पाण्याइतकेच हलके, तिथे खाली बसण्याचा प्रश्न उरत नाही. घनाचा हिशेब तेवढा तसाच राहतो.

आणि महागडी बाटली घेतलीत तरी आकार सीरम (रक्तातला प्रथिनयुक्त द्रव) घातलेल्या मीडियममध्ये पुन्हा तपासा. कण तिथे गोळा झाले, तर तुमच्या हातात दुसरीच बाटली आली.