फ्लॉरेन्सचं घर आणि लिथुआनियाचं खातं

62,992 रुपये. खरा आकडा पहिल्यांदाच सांगतोय. नातेवाइकांना "पंचवीसेक हजार गेले" असंच सांगितलंय.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून सप्टेंबरमध्ये आम्ही दोघं इटलीला गेलो. फ्लॉरेन्समध्ये तीन रात्री. घर जुलैमध्येच एका नावाजलेल्या साइटवर शोधलं होतं. खिडकीतून ड्युओमोचा, म्हणजे तिथल्या मुख्य चर्चचा, लाल घुमट, डिपॉझिट धरून 612 युरो. मग 'मालकीणबाईं'चा व्हॉट्सॲप: कॅलेंडर बिघडलंय, थेट खात्यात भरा, कमिशन वाचेल. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. मलाही माहीत होतं हो! पण "जिना उंच आहे, मॅडमचे गुडघे दुखत असतील तर आधी सांगा," असं लिहिलं होतं बाईने. ठग गुडघ्यांची चौकशी करतो का?

करतो.

बँकेत परदेशी पैसे पाठवायचा ए-टू फॉर्म मी माझ्या हाताने भरला. काउंटरवरच्या मुलीने विचारलंसुद्धा, "सर, समोरची बँक लिथुआनियाची आहे, बरोबर ना?" आणि मी, बावीस वर्षं अकाउंट्समध्ये दुसऱ्यांच्या बिलांतल्या चुका काढणारा मी, म्हणालो, "हो हो, युरोपातच आहे ते." मागे रांग होती, सर्व्हर दोनदा बंद पडला होता, सगळं खरं. पण इटलीचा आयबॅन, म्हणजे तिकडचा बँकखात्याचा नंबर, आयटीने सुरू होतो आणि 27 अक्षरांचा असतो. हा एलटीने सुरू होणारा, 20 अक्षरांचा. ऑफिसात व्हेंडरच्या खात्यात एक आकडा कमी दिसला तर मी पेमेंट अडवतो. 61,812 रुपये गेले, वर बँकेचे 1,180.

पत्ता सांता क्रोचे चर्चच्या मागच्या गल्लीतला, घर नंबर 27 आर. तिथे चामड्याच्या पर्सचं दुकान. फ्लॉरेन्समध्ये घरांचे नंबर काळे किंवा निळे आणि दुकानांचे लाल असतात, 'आर' म्हणजे लाल, हे त्या दुकानदारानेच सांगितलं. त्याच्या तोंडावरून वाटलं, आम्ही काही पहिले नव्हतो. पत्त्यात आर दिसला की थांबा. आणि सीआयएन मागा. भाड्याच्या घराला तिथे हा सरकारी नंबर घ्यावा लागतो, तो जाहिरातीत दाखवावाही लागतो. आमच्या जाहिरातीत नव्हता. चर्चच्या आत मायकेलअँजेलो आणि गॅलिलिओ विसावलेत, बाहेर पायऱ्यांवर दोन बॅगा घेऊन आम्ही. बायको एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी पोलिसांकडे अडीच तास. त्यात उफीझी म्युझियमची वेळ हुकली, 58 युरोची तिकिटं वाया. हातात इटालियनमधला तक्रारीचा कागद आणि सल्ला: पैसे भारतातून गेलेत, तिकडे तक्रार करा. इथल्या ठाण्यात म्हणाले, गुन्हा इटलीत घडलाय. त्या कागदाचं भाषांतर आणा. आणलं, 1,800 रुपये. मग नोटरी. मग साहेब बंदोबस्तावर. साहेब आल्यावर पहिला प्रश्न, "एवढे शिकलेले तुम्ही, कसे काय फसलात?" साइटवाले म्हणतात, पेमेंट आमच्याबाहेर झालंय, खाली हसरा चेहरा! जाहिरात रिपोर्ट केली, तर उत्तर आलं की नियमभंग आढळला नाही. तोच घुमट, तीच खिडकी, फक्त बाईचं नाव बदललंय. बँकेने 'रिकॉल', म्हणजे पैसे परत करायची विनंती, पाठवतो म्हणून 590 रुपये घेतले, सहा आठवड्यांनी कळवलं: खातं बंद.

पैसे गेल्याचं लगेच कळलं तर त्याच तासात 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. आम्हाला कळायलाच दोन महिने लागले. साइटवरून व्हॉट्सॲपवर बोलावलं की तिथेच ब्लॉक करा, गोड बोलले तर आधी करा.

काउंटरवरची ती मुलगी अजून तिथेच आहे. परवा पासबुक भरायला गेलो, तर तिने हसून विचारलं, "सर, कशी झाली ट्रिप?"

"मस्त," म्हणालो.