रोबो-माशाचं किट: मासा ठीक, सोबतचं गणित भारी

हे किट घेताना मला माशापेक्षा त्याच्या कंट्रोलरमध्ये रस होता. वाहत्या पाण्याचं पूर्ण गणित म्हणजे नेव्हिअर-स्टोक्सची समीकरणं, आणि ती माशाच्या पोटातल्या चिमुकल्या चिपवर धावत्या वेळी सोडवणं निव्वळ अशक्य. म्हणून कंपनीने दोन सोपी मॉडेलं दिलीत. पैसे वसूल होतात ते त्यांच्यामुळेच.

पहिलं मॉडेल सरासरीचं. त्याचं मूळ जेम्स लाइटहिल यांच्या 1960च्या कामात आहे: लांबट मासा एकसारख्या वेगाने पोहत असेल, तर सरासरी रेटा नुसत्या शेपटीच्या टोकाच्या हालचालीवरून काढता येतो. त्यातून वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढणारा ड्रॅग, म्हणजे पाण्याचा विरोध, वजा करायचा, की झालं. सरळ पोहण्यासाठी झकास. माझ्या माशाचे आकडे: 1.5 हर्ट्झ (सेकंदाला दीड हेलकावा), शेपटीचा या टोकापासून त्या टोकापर्यंत झोका 8 सेंमी, वेग सेकंदाला 30 सेंमी. स्ट्राउहल आकडा, म्हणजे हर्ट्झ गुणिले झोका भागिले वेग, आला 0.4. खरे मासे साधारण 0.2 ते 0.4 मध्ये असतात, म्हणजे आमचा गडी काठावर पास.

दुसरं चॅप्लिगिन स्लेज, आणि मला आवडलं ते हेच. यात पाणीच नाही! एक घसरगाडी, मागे स्केटसारखं पातं, जे पुढेमागे सरकतं पण आडवं घसरत नाही. आतली चकती उलटसुलट फिरवली की गाडी नागमोडी पुढे सरकते. शेपटीच्या धारदार कडेवरून पाणी जसं सुटतं, त्याची जागा ही एक अट बऱ्यापैकी घेते. ड्रॅग घातला की वेग एका ठरावीक चक्रात स्थिरावतो आणि शेपटीच्या एका पूर्ण हेलकाव्यात दोनदा वरखाली होतो. माशातल्या ॲक्सेलरोमीटरच्या (वेगातला बदल मोजणाऱ्या सेन्सरच्या) आलेखातही तेच दोन उंचवटे दिसतात. सरासरीच्या मॉडेलमध्ये ते पार सपाट होतात. वळणांसाठीही हेच वापरा.

तक्रार सर्वोबद्दल, म्हणजे शेपटी हलवणाऱ्या छोट्या मोटरबद्दल. तो 60 अंश 0.16 सेकंदात फिरतो, म्हणजे सेकंदाला 375 अंश. दोन्ही बाजूंना 30 अंशांचा झोका 2 हर्ट्झवर मागितला तर मध्यावर 377 लागतात, 3 हर्ट्झवर 565. तेही पाण्याचा भार न धरता. तरी ॲपमधला स्लायडर बिनदिक्कत 4 हर्ट्झपर्यंत जातो, आणि मॉडेल बिचारं शेपटी पूर्ण हलली असं समजून वेगाचे अंदाज फेकत राहतं. मॅन्युअलमध्ये याबद्दल चकार शब्द नाही.

कारखान्यातून आलेला ड्रॅगचा गुणांकही डोळे मिटून घेऊ नका. मासा वेगात आला की शेपटी सरळ धरून थांबवा, नुसता वाहू द्या आणि 1 भागिले वेग याचा वेळेबरोबर आलेख काढा. रेषा बऱ्यापैकी सरळ चढते. तिचा चढ म्हणजे वस्तुमानाने भागलेला तुमचा ड्रॅग. तो आकडा सेटिंगमध्ये टाकला की सरळ पोहण्याचे अंदाज लगेच सुधारतात.

शोभेचा मासा हवा असेल तर हे घेऊ नका, आवाज फार करतो. कंट्रोल शिकायचं असेल तर जरूर घ्या. फक्त शेपटीच्या सांध्याची रबरी रिंग सुटी मिळत नाही, अख्खा सांधाच मागवावा लागतो.